झिओलाइटचा फिल्टर, बोअरचे पाणी आणि शिसे : आठ महिन्यांनंतरचा अभिप्राय

हा अभिप्राय नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानातून गेल्या नोव्हेंबरात घेतलेल्या, नैसर्गिक खनिजाचे दाणे भरलेल्या पाण्याच्या फिल्टरविषयी आहे. दुकानाचे आणि फिल्टरचे नाव मी लिहीत नाही, कारण याच बनावटीची, जवळजवळ याच खोक्यातली वस्तू मला त्याच आठवड्यात आणखी दोन दुकानांत निराळ्या नावांनी दिसली, आणि पुढे जे लिहिले आहे ते त्या सगळ्यांना बहुधा सारखेच लागू पडेल. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘जड धातूंपासून संपूर्ण मुक्ती’ असे छापलेले आहे. त्यातल्या ‘संपूर्ण’ या शब्दाविषयी मला बरेच सांगायचे आहे.

आमचे घर गोधनी रस्त्याला आहे. नळाचे पाणी सकाळी येते, परंतु उन्हाळ्यात ते पुरत नाही आणि स्वयंपाकघरातही बोअरचे पाणी घ्यावे लागते. मुलगी वर्षभराच्या बाळाला घेऊन काही महिन्यांसाठी माहेरी येणार होती, तेव्हा आयुष्यात प्रथमच मी बोअरच्या पाण्याची धातूंसाठी तपासणी करून घेतली. अहवाल आला आणि झोप उडाली. शिसे लिटरला ०.०२१ मिलिग्रॅम होते, तर पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकाने घातलेली मर्यादा ०.०१ आहे, आणि तीत सवलत नाही. मँगनीज ०.४ होते, त्याची स्वीकार्य मर्यादा ०.१ आणि दुसरा स्रोतच नसेल तर ०.३. शिवाय काठिण्य लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या घरात होते, पण ते सांगायला अहवाल नको होता, कुकरच्या तळाशी बसलेला पांढरा थर ते रोजच सांगत होता. शिशाचा धोका सगळ्यांत जास्त लहान मुलांना असतो, कारण त्यांचे शरीर ते मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात शोषून घेते आणि त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. त्यामुळे मी घाईत होते, आणि घाईत केलेली खरेदी कशी असते हे पुढे दिसेलच.

दुकानातल्या मुलाने मला आधी आरओ दाखवला. तो शिशासकट बहुतेक सगळे विरघळलेले पदार्थ काढतो, यात शंका नाही, पण जितके पाणी देतो त्याहून अधिक मोरीत सोडतो, आणि मे महिन्यात ज्या घरात भांड्यांचे पाणी झाडांना घालावे लागते तिथे हा हिशेब जुळत नाही. मग त्याने झिओलाइटचा फिल्टर काढला. ‘काकू, जड पाणी म्हणा की जड धातू म्हणा, हा दगड सगळं ओढून घेते,’ असे त्याचे शब्द होते. बोलण्यात त्याचा काही खोटेपणा नव्हता, पण गफलत मात्र होती, आणि ती आपल्या भाषेनेच सोपी करून ठेवली आहे. जड पाणी म्हणजे पाठ्यपुस्तकातले दुष्फेन पाणी, ज्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतात आणि साबणाला फेस येत नाही. जड धातू म्हणजे शिसे, कॅडमियम, पारा यांसारखे धातू, जे अत्यल्प असले तरी घातक. या फिल्टरच्या आत या दोघांचे एकमेकांशी भांडण असते आणि फिल्टरचे सारे यशापयश त्या भांडणावर ठरते. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवूनही हे मला दुकानात सुचले नाही, घरी आल्यावर सुचले.

झिओलाइट हे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या जाळीचे खनिज आहे. १७५६मध्ये क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असे एक खनिज तापवले, तेव्हा ते उकळल्यासारखे फसफसले, म्हणून त्याने ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे ग्रीक नाव दिले. फसफसण्याचे कारण म्हणजे जाळीच्या पोकळ्यांत कोंडलेले पाणी. या जाळीवर ऋण भार असतो आणि तो सांभाळण्यासाठी पोकळ्यांत सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे धन आयन सैलसर बसलेले असतात. शिसे असलेले पाणी तिथून गेले की शिशाचा आयन आत शिरतो आणि सोडियमचे दोन आयन बाहेर पडतात. यालाच आयन विनिमय म्हणतात. काही शिसे दाण्यांच्या पृष्ठभागाला चिकटूनही राहते, ते अधिशोषण. फिल्टरमध्ये सहसा क्लिनोप्टिलोलाइट नावाचा झिओलाइट वापरतात आणि त्याची शिशाची ओढ इतर बहुतेक धातूंपेक्षा जास्त असते. तांबे, कॅडमियम, जस्त यांचा क्रम नंतर लागतो आणि निकेल तर पार मागे राहते. चेर्नोबिलच्या अपघातानंतर किरणोत्सारी सीझियम अडवायला हेच खनिज वापरले गेले होते. म्हणजे मूळ कल्पना भक्कम आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

पहिली तक्रार खोक्याविषयी आहे. त्यावर फक्त ‘शंभर टक्के नैसर्गिक खनिज’ एवढेच लिहिलेले असून कोणते खनिज, हे कुठेही नाही. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असा समज आपल्याकडे पक्का आहे, परंतु झिओलाइटांमध्येच एरिओनाइट नावाचे एक तंतुमय खनिज आहे, ज्याची धूळ श्वासावाटे गेल्याने तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाच्या काही गावांत फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या होत राहिला. क्लिनोप्टिलोलाइट तसे नाही. पण दाणे बदलताना त्यांची धूळ आपल्याच नाकाशी उडत असेल, तर पिशवीवर खनिजाचे नाव मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. मी तीनदा विचारल्यावर दुकानातून पुरवठादाराचे एक पत्रक आले, त्यावर क्लिनोप्टिलोलाइट लिहिले होते, आणि तेव्हाच मी ते यंत्र बसवू दिले. विक्रेत्याने मात्र तोवर ‘आपल्या सह्याद्रीचा दगड आहे’ असे सांगून टाकले होते. महाराष्ट्राच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट आणि ह्यूलंडाइट यांचे अप्रतिम स्फटिक सापडतात, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहून माणूस हरखून जातो. ह्यूलंडाइट तर क्लिनोप्टिलोलाइटचा सख्खा भाऊच आहे. पण ते स्फटिक संग्राहक विकत घेतात. फिल्टरचा माल सामान्यतः ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या जाड थरांतून खणून काढलेला असतो.

माझ्या एका शेजाऱ्यांनी विचारले की एवढा दूरचा दगड कशाला, आपली काळी माती काय वाईट? प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. विदर्भाच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज भरपूर असते, बेंटोनाइट आणि मुलतानी माती यांच्यातही त्याच जातीची खनिजे असतात, आणि धातू धरून ठेवण्याची त्यांची ताकद झिओलाइटच्या खालोखाल भरते. अडचण अशी की ही माती पाण्याने फुगते. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात चपलेला किलोभर चिखल, हे ज्याने पाहिले आहे त्याला नळकांड्यात ती भरल्यावर काय होईल ते सांगायला नको, कारण पाणी पलीकडे जाणारच नाही. झिओलाइट फुगत नाही, दाणेदार राहतो, म्हणून तो नळकांड्यात चालतो.

आता प्रत्यक्ष वापराकडे वळते. यंत्र तीन नळकांड्यांचे आहे : पहिल्यात गाळ अडवणारी सुताची गुंडाळी, मधल्या मोठ्या नळकांड्यात झिओलाइट आणि शेवटी कोळसा. बसवणाऱ्या भाऊंचे काम नीट होते, भिंतीला भोके पाडून त्यांनी कचराही उचलला. पण दाणे धुवून घ्यायला त्यांनी सांगितले नाही आणि पहिले दोन-तीन गुंडभर पाणी राखाडी, दुधट आले. तो दाण्यांचा भुगा असतो, तो निघून जाईपर्यंत पाणी झाडांना घालावे. मग त्यांनी टीडीएस मीटर बुडवून दाखवला. आधी ६४०, नंतर ६३५. ‘पाहा काकू, खनिजं तशीच ठेवली, धातू तेवढे काढले!’

या मीटरविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण अनेक जण त्याच्याच भरवशावर पैसे मोजतात. हा मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्याचा सर्वांत लहान आकडा म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम. माझ्या पाण्यातले शिसे त्या एका मिलिग्रॅमच्या पन्नासाव्या हिश्शाएवढे होते. शिवाय या फिल्टरमध्ये एक आयन जातो आणि त्याच्या बदल्यात दुसरा येतो, त्यामुळे क्षारांची बेरीज जवळपास तितकीच राहते. म्हणजे शिसे सगळे निघाले असते तरी आकडा तोच आला असता आणि सगळे राहिले असते तरीही तोच.

खरी कसोटी माझ्या वरणाने लावली. पहिले जवळजवळ दोन आठवडे तुरीची डाळ नेहमीपेक्षा एक शिट्टी आधी शिजू लागली आणि घरात सगळे खूश झाले. तिसऱ्या आठवड्यात डाळ पूर्ववत हट्टी झाली. याचा अर्थ असा की सुरुवातीला दाणे पाण्यातले कॅल्शियमही धरत होते आणि नंतर त्यांच्या जागा भरून गेल्या. मी कागद घेऊन हिशेब मांडला. मधल्या नळकांड्यात सुमारे १२०० ग्रॅम दाणे आहेत. अशा खनिजाची विनिमयक्षमता कागदोपत्री ग्रॅमला सुमारे दोन मिलितुल्यांक (आयनांचे भार मोजण्याचे एकक) धरली तर एकूण २४०० होतात. ४०० काठिण्याच्या एका लिटर पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आठ मिलितुल्यांक असतात. म्हणजे सगळ्या जागा उपलब्ध आहेत असे मानले तरी ३०० लिटरांत कोठार भरले, आणि आम्ही रोज पंधरा-वीस लिटर पाणी घेत होतो. उलट शिशाच्या प्रत्येक भारामागे या पाण्यात काठिण्याचे सुमारे चाळीस हजार भार आहेत. एवढ्या गर्दीत शिशाला जागा मिळते ती केवळ खनिजाला त्याची ओढ जास्त असल्यामुळे, आधी बसलेल्या कॅल्शियमला उठवून ते तिथे बसते. ज्या धातूंची ओढ कमी, त्यांना ही जागा मिळत नाही. खोक्यावर छापलेले ‘दहा हजार लिटर आयुष्य’ कोणत्या पाण्यासाठी मोजले, हे त्यामुळेच सांगितले गेले पाहिजे. मऊ पाण्यासाठी ते खरेही असेल, बोअरच्या पाण्याला तो आकडा लावणे धाडसाचे आहे.

दुसरी गोष्ट वेगाची. दाण्यांची जागा मापाने दीड लिटर भरते आणि नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला तीन लिटर पाणी येते, म्हणजे पाणी दाण्यांच्या सहवासात जेमतेम अर्धा मिनिट राहते. आयनाला दाण्याच्या आतल्या बारीक वाटांनी जायला वेळ लागतो. मी कॉक आवळून धार मिनिटाला अर्ध्या लिटरवर आणली, तेव्हा तो सहवास तीन मिनिटांचा झाला. घरच्यांना हे सोसवत नाही. जावई पाण्याचा पेला भरताना अर्धे वर्तमानपत्र वाचून होते असे म्हणतात. पण माहितीपत्रकात वेगाचा उल्लेखच नसावा, ही या वस्तूतली माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे.

पहिल्या महिन्यानंतर फिल्टरच्या पाण्याचा नमुना त्याच प्रयोगशाळेत दिला. शिसे शोधमर्यादेच्या खाली, म्हणजे उपकरणाला मोजता येईल त्याहून कमी, आले आणि मी सुटकेचा श्वास टाकला. तिसऱ्या महिन्यात पुन्हा दिला, तर शिसे ०.०१३! दुकानाकडून लगेच दाणे बदलण्याचा सल्ला आला. पैसे भरण्याआधी मी प्रयोगशाळेतल्या बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी उलटा प्रश्न केला : ‘मॅडम, नमुना कधी भरला?’ पहिल्या खेपेला दुपारी, भरपूर पाणी काढल्यावर भरला होता. दुसऱ्या खेपेला पहाटे, रात्रभर थांबलेल्या पाण्याची पहिली बाटली. त्यांनी एकाच सकाळी चार बाटल्या भरून आणायला सांगितल्या : बोअरच्या तोंडाशी, स्वयंपाकघराच्या नळाची पहिली धार, फिल्टरच्या तोटीची पहिली धार, आणि तीच तोटी पाच मिनिटे वाहू दिल्यावर.

उत्तर असे निघाले की बोअरच्या पाण्यात मुळात शिसे नव्हतेच, पहिल्या अहवालातलेही वाटेतच मिसळलेले असावे. ते स्वयंपाकघराच्या नळाच्या पहिल्या धारेत होते, आणि फिल्टरच्या पहिल्या धारेतही होते, पाच मिनिटांनंतरच्या धारेत नव्हते. पितळेवर काम सोपे व्हावे म्हणून त्यात थोडे शिसे मिसळण्याची पद्धत आहे. ओट्याखालचा जुना पितळी कॉक रात्रभर साचलेल्या पाण्यात शिसे सोडत होता. झिओलाइट ते इमानाने अडवत होता. आणि त्याच्या पुढे बसवलेली फिल्टरची स्वतःची चकचकीत तोटी, जिच्या मुलाम्याखाली पितळच होते, ती ते पुन्हा मिसळत होती. ज्या यंत्राच्या खोक्यावर ‘संपूर्ण मुक्ती’ लिहिले आहे त्याची तोटी अशी असावी, याला काय म्हणावे? दुकानाने तोटी बदलून द्यायला नकार दिला नाही, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवते, पण ‘असे कोणी म्हणाले नव्हते’ हे वाक्य मला चार वेळा ऐकवले. आता पोलादी तोटी आहे, कॉकही बदलला, आणि नंतरच्या तपासणीत कुठेच शिसे आढळले नाही. तो कॉक आणि ती तोटी मिळून जो खर्च आला तो फिल्टरच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होता.

मँगनीज मात्र खरोखर बोअरमधलेच. हा धातू नागपूरकरांना परका नाही, मनसर, कांद्री, गुमगाव येथे त्याच्या खाणी आहेत आणि मँगनीज काढणाऱ्या मॉइल या कंपनीचे मुख्यालय याच शहरात आहे. अर्थात माझ्या बोअरचा त्या खाणींशी संबंध आहे असे मी म्हणत नाही. मँगनीजचे पाणी काढताना स्वच्छ दिसते आणि हवा लागली की भांड्यांवर काळसर डाग पडतात. फिल्टरने पहिल्या महिन्यात ते बरेच कमी केले, पाचव्या महिन्यात जवळजवळ जसेच्या तसे सोडले. वरच्या हिशेबात हे आधीच दिसत होते : मँगनीजला शिशासारखा मान नाही, कॅल्शियमच्या गर्दीत ते मागे पडते. त्यासाठी झिओलाइट नव्हे, मँगनीज डायऑक्साइडचे दाणे किंवा त्याचा लेप दिलेली वाळू लागते, जिच्यावर मँगनीजचे ऑक्सिडीकरण होऊन ते तिथेच बसते. म्हणजे पाण्यातले मँगनीज काढायला मँगनीजचेच खनिज, काट्याने काटा.

ज्यांच्या पाण्याची तक्रार वेगळी आहे त्यांनी हा फिल्टर घेऊच नये. सहा संयुजेचे क्रोमियम पाण्यात ऋण भाराच्या रूपात असते, आर्सेनिक ऋण भाराच्या किंवा भार नसलेल्या रूपात, आणि झिओलाइटची जाळीही ऋण भाराची, त्यामुळे ती त्यांना धरत नाही. तिथे लोहाचे ऑक्साइड असलेली माध्यमे किंवा जांभ्यासारखे खनिज उपयोगी पडते. फ्लोराइडचेही तसेच. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या एका नातेवाइकांनी माझे ऐकून हा फिल्टर घ्यायचे ठरवले होते, त्यांना मी थांबवले. फ्लोराइडसाठी तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत आहे, आणि ती आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच विकसित केलेली आहे. जंतू तर हे यंत्र मारतच नाही, बाळाचे पाणी आम्ही शेवटपर्यंत उकळूनच दिले.

घ्यावा की नाही, याचे माझे उत्तर असे आहे. इमारत जुनी असेल, नळजोडण्या बदलणे आपल्या हाती नसेल आणि तपासणीत शिसे आले असेल, तर संथ धार सोसण्याची तयारी ठेवून हा फिल्टर घ्यायला हरकत नाही. त्या एका कामात तो खरा उतरला. मात्र आधी तपासणी, तीही पहिल्या धारेची आणि वाहत्या धारेची वेगवेगळी, आणि मग खरेदी. मी हा क्रम उलटा केला. सहा महिन्यांनी दाणे बदलले, नव्या पिशवीवरही खनिजाचे नाव नव्हते, तेव्हा पत्रक पुन्हा मागावे लागले.

राहिली ती जुन्या दाण्यांची गोष्ट. त्यांत आता शिसे आणि मँगनीज बसलेले आहे. बदलायला आलेल्या मुलाने ते ‘तुळशीत टाका काकू, खतासारखे असते’ असे सुचवले आणि दुकानाने परत घ्यायला नकार दिला. मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजे करता येतात, पण मग शिसे त्या मिठाच्या पाण्यात उतरते आणि ते पाणी कुठे टाकायचे हा प्रश्न तसाच राहतो. तूर्त ते दाणे लोणच्याच्या एका जुन्या बरणीत, घट्ट झाकण लावून, वर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवून मोरीच्या वरच्या फळीवर ठेवलेले आहेत.